मायच्या पोटात काय उरलं होतं

सिरसाळ्यात आमचं घर पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लागून होतं, त्यामुळं घरात कुणी हळू आवाजात बोलायचंच नाही. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की फळीवरची भांडी थरथरायची आणि माय त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची. पुढं पुढं गिरणी बंद असली तरी आम्ही ओरडूनच बोलायला लागलो. दसरा झाला की माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला जायचे. चुलता आणि सुंदरकाकू त्यांच्याच टोळीत. मी थोरली, शाळेतही जरा बरी, म्हणून दोन धाकट्या भावांना घेऊन मागं राहायचे. सहा महिने घरात आम्ही तिघं आणि ती गिरणी. त्यामुळं आमचं खरं वर्ष चैत्रात सुरू व्हायचं आणि दसऱ्याला संपायचं. जे काही खायचं, बोलायचं, रुसायचं असेल ते तेवढ्यात उरकून घ्यावं लागे.

माय परत आली की पहिल्या आठवड्यात येसर करायची. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, लाल मिरच्या असं सगळं वेगवेगळं भाजून दळून आणायचं, म्हणजे पुढं पाहुणा आला की मूठभर पाण्यात कालवून आमटी तयार. गिरणीवाला येसर दिवसाच्या शेवटी दळून द्यायचा, कारण मागून येणाऱ्याच्या ज्वारीच्या पिठाला तिखट लागायचं. मायच्या हातचे धपाटे तर गल्लीत मागून नेत. आणि माय स्वतः जेवायलाही भारी. तीन भाकरी, ठेचा, वरून ताकाचा तांब्या. सुंदरकाकू तिला चिडवायची, "अक्का, तुमचं पोट हाय का धान्याचं बळद?" माय म्हणायची, "कोयता उचलायचा तर पोटात काय पायजे का नको?" मी हे एवढं सांगतेय ते त्या वर्षी काय बदललं ते कळावं म्हणून.

त्या वर्षी मी अकरावीत होते. आषाढात कधीतरी माझ्या लक्षात आलं की माय काठवटीपुढं तिरपी बसतेय. आधी ती काठवट पोटाशी घेऊन बसायची आणि दोन्ही हातांनी पीठ मळायची. आता एक गुडघा बाजूला काढून, एका हातानं. मी विचारलं तर म्हणाली, कंबर धरलीय. मग झंपरचे खालचे दोन हुक लागेनात, तेव्हा तिनं दादांचा जुना सदरा साडीवर चढवला. ऊस तोडताना आमच्याकडच्या बायका तसा सदरा घालतातच, पाचटानं अंग कापू नये म्हणून, त्यामुळं घरात घातला तरी कुणाला काही वाटलं नाही. भाकरी तिनाच्या दोन झाल्या, दोनाची एक, आणि त्या एकीचाही अर्धा चतकोर ती ताटात ठेवून उठायची. "पोट भरलं," म्हणायची, दोन घासांत. शिवाय घडीघडी परसाकडं. भाकरी तव्यावर टाकून लघवीला जाऊन येईपर्यंत भाकरी करपायची, आणि ती करपलेली भाकरी भावांनी खाल्ली की त्यांच्यावरच ओरडायची. बाकी अंग वाळत चाललं होतं आणि पोट तेवढं पुढं येत होतं. मला, खरं सांगायचं तर, तिची लाज वाटायला लागली. सतरा वर्षांच्या पोरीला आईचं पोट पुढं आलेलं दिसलं की जे वाटतं तेच मला वाटलं. पंधरा दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. या पंधरा दिवसांसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, आणि आता करायचा विचारही नाही.

शेवटी मी सुंदरकाकूला विचारलं. काकू खो खो हसली. "अगं येडी का काय तू? तुह्या मायची अन् माही पिशवी एकाच आठवड्यात काढली न्हाई का? पिशवीच न्हाई तर लेकरू काय हवेत राहील?" ते मला माहीत होतं, पण नुसतं कानावरून गेलेलं. चार वर्षांपूर्वी दोघी जावांना पाळीचा त्रास होत होता. अंगावरून जास्त जाई, पांढरं जाई, आणि फडात तसल्या अवस्थेत मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं. टोळीतल्या एकीनं तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी डॉक्टरचं नाव सांगितलं. त्यानं दोघींना तपासल्यासारखं केलं आणि सांगितलं की पिशवी खराब झालीय, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटल्यावर कोण ठेवतंय? आठ दिवसांत दोघी मोकळ्या होऊन आल्या. तेव्हा मायचं वय पस्तीस असेल, काकूचं तिशीच्या आत. आमच्या भागात बायका हे असं सांगत की जसं दुखरी दाढ काढून आलो. पिशवी गेली म्हणजे पाळीची कटकट गेली, लेकरांची काळजी गेली, कॅन्सरची भीती गेली. आत आता काही राहिलंच नाही, दुखणार काय?

आणि हीच आमची चूक होती. एकट्या मायची नाही, सगळ्या घराची, सगळ्या गल्लीची. पोट कुठल्याही कारणानं दुखो, बाई गावातल्या डॉक्टरला पहिल्यांदा हेच सांगायची की पिशवी काढलीय, आणि तोही मान हलवून बाईच्या आतल्या दुखण्याचा विचार बाजूला ठेवायचा. मायला त्यानं तीन वेळा गॅसच्या गोळ्या दिल्या. एकदा जंताचं औषध दिलं. काकूनं ओवा आणि काळं मीठ दिलं. गोळी घेतली की चार दिवस माय म्हणायची, फरक वाटतोय. फरक काही नव्हता. सदऱ्याची ताणलेली बटणं मला दिसत होती.

भाद्रपदात धाकट्या भावाला ताप आला म्हणून मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक सिस्टर होत्या, उंच, रागीट, कुणालाही रांगेतून हाकलून देणाऱ्या. भावाचं झाल्यावर मी धीर करून मायचं सांगितलं. त्या लिहिता लिहिता ऐकत होत्या, मग लिहायच्या थांबल्या. "पोट रोज फुगलेलं असतं का कधी कधी?" रोज. "दोन घासांत भरतं?" हो. "लघवीला सारखं?" हो. "ओटीपोटात, कमरेत दुखतं?" हो. "किती दिवस झाले?" मी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, तीन महिने. मग मीच घाईघाईनं म्हणाले, "पण तिची पिशवी काढलीय." सिस्टर एकदम चिडल्या. "मी पिशवीचं विचारलं का तुला? ऑपरेशनचा कागद आहे?" कागद कुठला असणार. त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "तीन महिने रोज असतं ते गॅसचं नसतं. असेलही, पण ते बघितल्यावर ठरवायचं, आधी नाही. अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात ने, पोटाची सोनोग्राफी करून घे. ह्या महिन्यात. टोळीला जायच्या आधी."

मी ती चिठ्ठी मायला दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण सरकारी शिक्का कळत होता. "कुनी सांगितलं तुला माहं पोट दवाखान्यात दावायला?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, म्हणजे तिच्या मानानं खाली, "शोभे, दादाला सांगायचं न्हाई. मुकादमाला शबूद दिलाय. म्या बसले तर त्यांचा अर्धा कोयता व्हतो." ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, बाई नसली तर पुरुषाला जोडी नाही, जोडी नसली तर टोळीत जागा नाही. आणि असल्या गोष्टी पुरुषांना सांगायच्याच नाहीत ही तर आमच्याकडची रीतच. दादा रोज तिच्याशेजारी जेवायला बसत होते, पण तीन महिन्यांत त्यांच्याशी या पोटाबद्दल एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. मी ती चिठ्ठी भूगोलाच्या पुस्तकात ठेवली आणि गप्प बसले. तीन आठवडे गप्प बसले. आज कुणी पोरगी अशी गप्प बसली तर मी तिच्या पाठीत धपाटा घालीन, खायचा नव्हे.

दसऱ्यानंतर ट्रॅक्टर आला. सकाळची आठ-नऊची वेळ. ट्रॉलीत भांड्यांची पोती, चुलीचे पत्रे, कोंबड्यांच्या पाट्या, एक शेळी. सगळी टोळी आमच्या दारासमोर जमलेली, मुकादम वहीवर नावं टिपत होता. माय ट्रॉलीवर चढायला गेली. एक पाय चाकावर ठेवला, दुसरा उचलेना. पोट आड येत होतं. काकूनं खालून आधार दिला, माय हसली, परत प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिनं चाकावर डोकं टेकलं आणि तशीच उभी राहिली. मी ओट्यावर होते. मला काय झालं माहीत नाही, गिरणी चालू होती, आणि मी त्या गिरणीवर आवाज काढून म्हणाले, "माय जाणार न्हाई."

"कावून?" दादा म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी सगळ्या बाप्यांसमोर म्हणाले, "तिला परकराची नाडी बांधता येईना, दादा. चार महिन्यांपासून तिचं पोट वाढतंय. ती जेवत न्हाई. तुमी बघितलं का?" मुकादमानं मान फिरवली. चुलता म्हणाला, "पोरीच्या जातीनं काय बोलाव बे हे." माय चाकाशी उभी राहून मला डोळ्यांनी जाळत होती. दादा तिच्याजवळ गेले. त्यांनी तिच्याकडं नुसतं बघितलं, सदऱ्याकडं, आणि मी त्यांचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. आपल्याच सदऱ्याखाली इतके दिवस काय होतं ते त्यांना तेव्हा दिसलं असावं. त्यांनी ट्रॉलीवर चढून आमचं पोतं खाली काढलं. मुकादम काही बोलायला लागला, तर दादा म्हणाले, "तुमी निघा. माहा कोयता ह्या साली न्हाई." एवढंच. मायनं त्या दिवशी मला शिव्या दिल्या त्या मी इथं लिहीत नाही. काही तर मला तेव्हा कळल्याही नाहीत.

अंबाजोगाईला आम्ही तिघं गेलो. सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता आणि डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मायच्या पोटावर त्यांनी ते गार गार औषध लावलं तेव्हा ती दचकली. बाई बराच वेळ यंत्र फिरवत राहिल्या, उजवीकडं, डावीकडं, परत डावीकडं. मग दादांना आत बोलावलं. म्हणाल्या, "गर्भपिशवी काढलेली आहे. पण डाव्या अंडाशयाला मोठी गाठ आहे, आणि पोटात पाणी झालंय."

"अंडाशय म्हंजी?" दादांनी विचारलं.

"पिशवीच्या दोन्ही बाजूंना असतात ते. पिशवी काढताना ते ठेवलेले आहेत. कमी वयाच्या बाईचे बऱ्याचदा मुद्दाम ठेवतात, ते चूक नाही. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

दादा म्हणाले, "सगळं काढलंय, बाई. म्या सोता बघितलंय. टरेमधी घालून दावलं व्हतं मला." ते खरं होतं. ऑपरेशन झालं की डॉक्टर बाहेर येऊन स्टीलच्या ट्रेमधला मांसाचा गोळा नातेवाइकांना दाखवायचा, म्हणजे पैसे घेऊन काम केलं याची खात्री. दादांनी ते बघून हात जोडले होते. डॉक्टरीणबाईंनी यंत्र खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्यात हे नव्हतं. ही गाठ कॅन्सरची असू शकते. नक्की ते ऑपरेशन करून, तुकडा तपासूनच सांगता येईल. पण थांबायचं नाही."

माय पलंगावर तशीच पडून होती, पोट उघडं. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. ती छताकडं बघत म्हणाली, "कॅन्सर होऊ नये म्हून तर काढली व्हती."

मला आठवतंय, माझ्या कानांत गिरणीसारखा आवाज सुरू झाला. चार वर्षं आम्ही ज्याला संपलेलं समजत होतो ते आत होतं, आणि जे काढलं त्यात काही बिघडलेलं होतं की नव्हतं हे आता जगात कुणीच सांगू शकत नव्हतं, कारण त्याचा तुकडाही कुणी तपासला नव्हता. दादा दाराबाहेर जाऊन खाली बसले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं आणि मला त्यांचाही राग आला, त्या ट्रेचा आला, माझा स्वतःचा तर सगळ्यात जास्त.

ऑपरेशन झालं. तपासणीत कॅन्सरच निघाला. पसरला होता, पण फार नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आणखी एक हंगाम गेला असता तर त्यांनी हात लावला नसता. सलाईनमधून औषध सुरू झालं, मायचे केस गेले, तोंडाची चव गेली, आणि ती दवाखान्यातल्या आमटीला नावं ठेवायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही जगेल. ती त्यानंतर नऊ वर्षं जगली. माझं लग्न तिनं केलं, माझ्या मुलीच्या बारशाला धपाटे केले. नऊ वर्षं थोडी की जास्त, हे मला सांगता येत नाही. प्रत्येक फुगलेलं पोट म्हणजे तसलंच काही असतं असं नाही, हे मलाही कळतं. बहुतेकदा ते गॅसचंच असतं. पण आज लग्नाच्या पंगतीत एखादी बाई ताट अर्धं टाकून उठली की मी तिला गाठून विचारते, रोज असं होतं का, किती दिवस झाले. माझी सून म्हणते, "आत्याबाई, लोक जेवायलेत, इथं कशाला?" लोक जेवायलेत म्हणूनच. जेवतानाच तर कळतं.

मला सांगायचं आहे ते ऑपरेशननंतर आलेल्या चैत्रातलं. टोळ्या परत आल्या आणि गल्लीतल्या बायका मायला भेटायला आल्या, कुणी बिस्किटचा पुडा घेऊन, कुणी नारळ. अकराजणी असतील. ऊसतोडीहून बायका वाळूनच येतात, काळवंडून येतात, त्यामुळं कुणाकडं बघून काही कळत नाही. माय डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. बायकांनी नेहमीसारखं सुरू केलं, नशीब, कुणाची नजर, देवाची करणी. मायनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. पिशवी काढलेल्यांनी हात वर करा."

बायका हसायला लागल्या. माय हसली नाही. तेव्हा एक हात वर गेला, मग दुसरा. मी मोजत होते. अकरातले नऊ. दारापाशी बसलेल्या द्वारकेनंही हात वर केला होता. द्वारका माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. लहानपणी आम्ही तिच्या मागं मागं फिरायचो. मी तिच्याकडं बघत राहिले. तिनं नजर चुकवली आणि पदर नीट केला.

"आता ऐका," माय म्हणाली. "तुमच्या आतलं समदं काढलेलं न्हाई. माहंबी काढलं नव्हतं, मला कुनी सांगितलं न्हाई. ज्यांचं पोट रोज फुगतंय, दोन घासात भरतंय, घडीघडी लघवीला लागतंय, महिन्याच्या वर झालंय, त्यांनी हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या. लाजायचं न्हाई. म्या लाजले व्हते."

हात खाली यायला लागले. बांगड्या वाजल्या. द्वारकेचा हात खाली आला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. सुंदरकाकूचाही हात सगळ्यांबरोबर खाली यायला लागला, खांद्यापर्यंत आला आणि तिथं थांबला. तिनं मायकडं बघितलं. ही माझी काकू, जी कुठल्याही गोष्टीवर हसायची. तिनं हात परत वर केला आणि तसाच धरून ठेवला.

माय जागची उठली, भिंतीला धरून, आणि तिच्यापुढं जाऊन बसली. "किती दिस झाले, सुंदरा?"

काकू म्हणाली, "दिवाळीपसून, अक्का."